न फुटलेली वीट

१

पाय तेवढे बाहेर होते. बाकीचा मिजबिल टेकाडाच्या पोटात होता.

तल दुरैबा या टेकाडावरच्या उत्खननातल्या तिसऱ्या चराच्या तळाशी मातीची भिंत दोन पुरुष उंच उभी होती. तिच्या पायथ्याला कुणीतरी आडवं बीळ पाडलं होतं. एरवी त्याच्यापुढे मातीने भरलेली पोती रचलेली असायची, म्हणून कामावरच्या चाळीस माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आज शुक्रवार, सुटी. बिळाचं छत बसलं होतं आणि त्याच्याखाली टेकाडाचा राखणदार कमरेपासून वर गाडला गेला होता. एका पायात चप्पल होती.

कॅप्टन सरहानने बुटाच्या टोकाने दुसरी चप्पल उलटी केली. "चार पिढ्या बाहेरून राखण केली," तो म्हणाला, "कंटाळून शेवटी आत शिरला. सित्त विजदान, लिहून टाका. चोर चोरी करताना मेला. निकाल टेकाडानेच दिलाय, आपली फक्त सही."

मोसुलहून आलेल्या शिकलेल्या बाईला इथे सगळेच सित्त म्हणत. कॅप्टनच्या तोंडी तो शब्द नेहमी चिमटीत धरल्यासारखा यायचा. विजदान या उत्खननावर सरकारची प्रतिनिधी होती. तिच्या अहवालाशिवाय कॅप्टनचा कागद पुढे जात नव्हता आणि हेच त्याला खुपत होतं. टेकाडाच्या उत्तरेच्या चौकीवर एर्बिलच्या कुर्द सरकारचा झेंडा होता, दक्षिणेच्या चौकीवर बगदादचा. दोघांनाही टेकाड आपलं वाटत असे, त्यावर मेलेला माणूस मात्र दोघांनाही नको होता.

"मी अजून आत पाहिलं नाही," विजदान म्हणाली.

"आत काय, पाय पाहा. पाय खोटं बोलत नाहीत."

मेलेल्याचा धाकटा भाऊ शलाल वर काठावर उकिडवा बसून ढसाढसा रडत होता. प्रेत पहिल्यांदा त्यालाच दिसलं होतं. रडता रडता त्याने विचारलं, "राखणदाराचं घर आता कुणाला मिळणार?"

विजदानला सकाळपासून पहिल्यांदाच चीड आली. तिने मान वळवली, आणि चराच्या कोपऱ्यात उभा असलेला पॉपलरचा वासा तिला दिसला. जेमतेम मांडीएवढ्या उंचीचा, वरच्या टोकाला चेपलेला. बिळाच्या छताला दिलेला टेकू.

छत आपोआप कोसळलं असतं तर टेकूही मातीखाली गेला असता. हा स्वच्छ होता आणि कोपऱ्यात नीट टेकवून ठेवलेला होता.

कुणीतरी आधी टेकू काढला होता. माणूस आत असताना.

२

राखणदाराचं घर टेकाडाच्या उतारालाच होतं. दोन खोल्या, अंगणात तंदूर, तारेवर बाळाचे कपडे. नौफा उंबऱ्यात बसली होती. नवऱ्याचं प्रेत अजून चरात होतं आणि ती चीजच्या रांजणाचं तोंड उघडत होती, कारण सुतकाला येणाऱ्या बायकांपुढे काहीतरी ठेवावं लागणार होतं. रांजणाच्या तोंडावर लिंपलेली माती वाळून दगड झाली होती. सुरीच्या टोकाने ती टिचटिच टोचत होती, न पाहताच. मातीची अख्खी चकती सुटून तिच्या हातात आली. रांजणाच्या काठाला ओरखडाही नव्हता.

किती सबूर आहे हिच्यात, विजदानच्या मनात आलं. तिच्याच्याने साधा दुधाचा डबा धड उघडत नसे.

"उम्म दहाम," गावच्या रीतीने मुलाच्या नावाने हाक मारत विजदानने विचारलं, "मिजबिल कधी बाहेर पडला?"

"पहाटे फजरची नमाज झाली आणि गेला."

"एकटा?"

"मरायला एकटाच जातो माणूस, सित्त."

आतून आठ महिन्यांच्या दहामने सूर लावला. विजदानच्या छातीत कळ आली. तिची मुलगी लुजैनही एवढीच. मोसुलला सासूकडे होती. सकाळीच सासूचा फोन येऊन गेला होता. "तुझी ती मढी अडीच हजार वर्षं थांबलीत, तुझं पोर अडीच तास थांबत नाही. काय ते ठरव."

शलाल अंगणात आला. डोळे पुसून झाले होते. "वहिनी, तुझं सामान बांधून ठेव. सरकार राखणदार काढेल, घर काढेल. तू उस्ताकडे, तुझ्या बापाकडे जा. दहाम आमच्याकडे राहील. पोर बापाच्या घराचं."

"दूध कोण पाजेल? तू?"

"बकऱ्या आहेत."

हे त्याने अगदी सहज म्हटलं. मिजबिल चोर ठरला तर घर जाणार, आणि घराबरोबर पोरगा. तो निर्दोष ठरला तर राखणदारी दहामच्या नावाने राहील आणि तो मोठा होईपर्यंत आईला या उंबऱ्यावरून कुणी उठवू शकणार नाही. विजदानने नौफाचा हात धरला.

"बीळ त्याने खोदलं नाही हे मी सिद्ध करीन."

नौफाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "सिद्ध नका करू, सित्त," ती म्हणाली. "नुसतं लिहा."

३

दुपारपर्यंत मिजबिलला बाहेर काढलं. विजदान बॅटरी घेऊन पोटावर बिळात शिरली. चार मीटरपर्यंत माती बाजूला झाली होती. पुढचा हातभर ढिगारा तसाच होता.

ती आत किती वेळ पडून राहिली ते तिचं तिलाही कळलं नाही. बाहेर आली तेव्हा केसांत माती होती आणि चेहरा उजळला होता.

"कॅप्टन, मिजबिल चोर नव्हता."

"आत भेटला होता का, तोच म्हणाला?"

"भिंत म्हणाली. या टेकाडात कच्च्या विटांची भिंत आहे, जुन्या वाड्याची. वीट मातीची, भोवतीची भर मातीची, रंगही एकच. डोळ्याला फरक दिसत नाही, फक्त हाताला कळतो. चोर काय करतो? सरळ भोक पाडतो, विटा फोडत जातो. हे बीळ भिंतीच्या कडेकडेने गेलंय. चार मीटर, आणि एकही वीट फुटलेली नाही. असा हात शरकात गावच्या कसबी खोदणाऱ्यांचा. बापाकडून मुलाकडे जातो. त्यांना चोरी करतानाही वीट फोडता येत नाही, हातच वळत नाही. ज्याचा असा हात, त्याने हे बीळ खोदलं. त्याला मिजबिलने पकडलं असेल आणि त्यानेच टेकू काढला असेल."

कॅप्टनने चहाचा छोटा पेला खाली ठेवला. "म्हणजे कुदळ हातात दिली की चोर कळतो."

"कळतो," विजदान म्हणाली. नंतर तिला ह्याच शब्दाचा सर्वांत जास्त राग येणार होता.

उत्खननाचे प्रमुख डॉ. मुवफ्फक तंबूत सिगारेट ओढत होते. ह्या वाड्यात लिहिलेल्या मातीच्या पाट्यांची खोली मिळेल या आशेवर ते तीन वर्षं जगत होते. बिळाची बातमी ऐकून त्यांनी पहिला प्रश्न मेलेल्याबद्दल विचारलाच नाही. "खोली लागली का? किती पाट्या गेल्या?"

"तुम्ही खोदलं असतं तर तुम्हाला ठाऊक असतं."

"मी?" त्यांनी आपले पांढरे, मऊ तळवे पुढे केले. "सित्त विजदान, मी वाचतो. खोदायला माणसं असतात."

शलालचं नाव काढताच मजूर हसले. त्याला वीट आणि शेणाची गोवरी यातला फरक कळत नव्हता. गेल्याच आठवड्यात त्याने फावड्याने अर्धा उंबरा उडवला होता, आणि वर फावडं चरातच आडवं टाकून जेवायला गेला होता. मजुरांचा मुकादम उस्ता खलफने अख्ख्या कामासमोर त्याचा उद्धार केला होता. चरात अवजार आडवं पडता कामा नये, कोपऱ्यात उभं, डोकं वर, हा उस्ताचा नियम होता. त्याच्या बापाचाही तोच होता.

विजदानला पॉपलरचा वासा आठवला. कोपऱ्यात उभा. चेपलेलं टोक वर.

उस्ता खलफ म्हणजे कामावरचा एकमेव शरकाती. तरुण शरकात्यांनी मोसुलमध्ये टॅक्सी चालवायला घेतल्या होत्या. तो मिजबिलचा सासरा. ती त्याच्यासमोर बसली तेव्हा तो पेल्यात साखर ढवळत होता आणि चमचा काचेवर खणखणत थांबायचं नाव घेत नव्हता.

"हाताला असं होऊन तीन वर्षं झाली, पोरी," तो म्हणाला. "आता मी काठीने दाखवतो आणि गाढवं खोदतात. कपडे धुवायच्या कामाचाही हात राहिला नाही हा."

अर्धा चहा त्याच्या मांडीवर सांडला होता.

४

चारच्या सुमाराला बिळातला शेवटचा ढिगारा निघाला आणि विजदानची सगळी हुशारी त्याच्याबरोबर बाहेर पडली.

शेवटच्या हातभर जागेत विटा फुटलेल्या होत्या. पहारीचे आडवेतिडवे घाव. त्या घावांखाली मिजबिलची पहार पडली होती. दांड्याला त्याच्याच डोक्याच्या कापडाची चिंधी गुंडाळलेली होती, सगळ्या गावाच्या ओळखीची.

म्हणजे बिळात दोन हात होते. चार मीटर खोदणारा एक आणि शेवटी विटा फोडणारा दुसरा. दुसरा मिजबिल. तो कुणाला पकडायला आला नव्हता, तो कामावर होता. माती गळू लागल्यावर पहार टाकून मागे सरकत तो बिळाच्या तोंडाशी पोचला आणि तेवढ्यात छत बसलं असावं. पण पहिला हात चार मीटरवर का थांबला? भिंत तर पुढे जात होती. पाट्यांची खोली असलीच तर पुढेच होती.

विजदानने फितीने बिळाची लांबी मोजली, मग टेकाडावर चढून तेच अंतर वरून मोजलं. वर गावाची जुनी थडगी होती. तिथे खोदायला कुणालाच परवानगी नव्हती. फीत जिथे संपली तिथून एका हातावर मुठीएवढा पांढरा दगड होता. वीतभर उंचवटा, त्यावर ताजं पाणी शिंपडलेलं.

उस्ता खलफ काठी टेकत तिच्यामागून वर आला होता.

"हे कुणाचं?"

म्हातारा दगडाजवळ टेकला. "माझी नात. नौफाची पहिली. पाच दिवस जगली. सातव्या दिवशी नाव ठेवतात, तोवर राहिली नाही. बिननावाची पोरं आम्ही इथेच ठेवतो."

"उस्ता, तुम्हाला मुलगा नाही."

"नाही."

"तुमचा हात तुम्ही कुणाला दिलात?"

"हिवाळ्यात चहा घेऊन यायची," तो म्हणाला. "सहा वर्षांची होती. चरात माझ्या शेजारी बसायची. पोरींना शिकवत नाहीत, मीही शिकवलं नाही. ती नुसती बघायची. एक दिवस मी जेवायला गेलो आणि परत आलो तर भिंत उघडी झाली होती. बारा विटा. मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार होतो?"

विजदानला रांजणाचं तोंड दिसलं. न पाहता चाललेली सुरी. अख्खी सुटलेली चकती आणि ओरखडा नसलेला काठ.

५

नौफा दहामला मांडीवर आडवं घेऊन पाजत होती. सुतकाच्या बायका अजून यायच्या होत्या. विजदान दारात उभी राहिली. तिने एवढंच विचारलं, "पाट्या किती निघाल्या?"

"एकवीस. तो पलीकडे नेऊन द्यायचा. कोणत्या झेंड्याच्या पलीकडे, मी विचारलं नाही." नौफाने बाळाची बाजू बदलली. "पहाटे तो वर उभा राहायचा आणि मी खाली खोदायची. राखणदारच उभा, तर विचारणार कोण? त्याच्या हाताने पाट्या फुटायच्या, म्हणून मी. नाही म्हटलं की म्हणायचा, शलालची बायको होशील का, तुला त्याच्याकडे टाकतो आणि पोरगा ठेवून घेतो."

"आणि काल?"

"काल रात्री मी त्याला सांगितलं, वर आपली पोर आहे. आता पुढे नाही. तो हसला." तिने ओढणी बाळावर ओढून घेतली. "तो म्हणाला, पाच दिवसांचं पोर, त्यात हाडं तरी किती असणार. ओंजळभर. ओटीत घेऊन दुसरीकडे पूर."

दहाम पिता पिता झोपला होता. नौफाने त्याच्या हनुवटीवरचं दूध बोटाने पुसलं.

"आज मी खोदलं नाही. तो स्वतः पहार घेऊन शिरला. भिंत फोडत चालला होता. मला आवाज येत होता, वीट फुटल्याचा आवाज मला लहानपणापासून सहन होत नाही. आतून ओरडला, टेकू काढ आणि पुढे आणून लाव. मी काढला." तिने मान वर केली. "पुढे लावला नाही."

विजदान उंबऱ्यावर बसली. बाहेर तंदूर पेटला होता. तिला लुजैनचा वास आठवत होता, गळ्याच्या वळीतला. इतका वेळ जे तिला सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं होतं आणि त्याचा जगात कुणालाच उपयोग नव्हता.

"मी लिहिते," ती हळूच म्हणाली. "परक्या चोरांचं बीळ सापडलं, राखणदार आत पाहायला शिरला, छत पडलं. पहार चोरांची. चिंधीबद्दल मी काही लिहीत नाही."

"कॅप्टनने चिंधी पाहिलीय?"

"त्याला वाचता येतं ते फक्त माझ्या अहवालातलं."

नौफाच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, पण क्षणभरच. टेकाडावरून माणसांचा गलका ऐकू आला. एक मजूर धापा टाकत अंगणात शिरला.

"सित्त, चला. उस्ताने कबूल केलंय. म्हणतो, बीळ मी खोदलं, जावयाला मी मारलं."

६

चराच्या चारी काठांवर गाव जमलं होतं. खाली उस्ता खलफ भिंतीसमोर गुडघ्यांवर बसला होता. कॅप्टन सरहान पोत्यावर आरामात टेकला होता.

"या, सित्त. तुमचीच वाट पाहत होतो. हा म्हणतो मी. पण याच्या हातून चहाही पोटात जात नाही. मग मला तुमचं ते आठवलं. कुदळ हातात दिली की चोर कळतो. किती सोपं, नाही?" त्याने हातकुदळ म्हाताऱ्यापुढे टाकली. "दाखव."

"कॅप्टन, याची गरज नाही. मी अहवाल..."

"दाखव, म्हाताऱ्या."

उस्ताने कुदळ उचलली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पहिला घाव भरीत गेला, दुसरा विटेत. विटेचा कोपरा उडून त्याच्याच छातीवर आपटला. काठावर कुणीतरी हसलं.

"पुन्हा," कॅप्टन म्हणाला.

दुसरी वीट मधोमध फुटली. उस्ताने ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

"पुन्हा."

"त्याने कबूल केलंय ना?" विजदानचा आवाज चिरकला. "मग कशाला?"

"आपण कुठे घाईत आहोत. म्हातारा खोटं बोलत असेल तर कुणासाठी, ते कळेल. खरं बोलत असेल तर मोसुलला फाशीचा दोर तयार आहे. पुन्हा."

तिसरी वीट. चौथी. पन्नास वर्षांत ज्याच्या हाताखाली एक वीट फुटली नव्हती तो म्हातारा आता रडत होता, आणि ते चोरीसाठी नव्हतं हे गावातल्या पोरासोरांनाही कळत होतं. डॉ. मुवफ्फक काठावरून पुटपुटले, "निदान भिंत तरी वाचवा."

गर्दी बाजूला झाली. नौफा शिडीवरून खाली उतरली. दहाम खांद्यावर झोपलेला होता. ती विजदानसमोर आली आणि झोपलेलं पोर तिच्या हातात दिलं.

"मान धरा, झोपेत कलंडते. डाव्या कुशीवर झोपतो. बकरीचं दूध त्याला उलटतं, तांदळाचं पाणी घालायला सांगा."

"नौफा, नको," विजदान म्हणाली. उम्म दहाम म्हणायचं ती विसरली होती.

नौफाने बापाच्या मुठीतून एकेक बोट सोडवून कुदळ काढून घेतली. तो तिला ढकलत होता, पण त्या हातात ढकलण्याचंही बळ नव्हतं. ती भिंतीसमोर बसली, ओढणी मागे बांधली आणि सुरुवात केली.

टिच, टिच, टिच. माती खपल्यांनी गळत गेली. पहिल्या विटेची कड उघडी पडली, मग तिच्या शेजारची, मग दोघींमधला बोटभर सांधा. बापाने फोडलेल्या विटांपासून ती सुरुवातीलाच दूर सरकली होती, त्यांना पुन्हा धक्का लागू नये म्हणून. सूर्य बराच खाली गेला तेव्हा समोर अख्खी भिंत उभी होती. आजच कुणीतरी रचून हात धुतल्यासारखी.

कॅप्टन उठला. भिंतीवरून बोट फिरवलं. त्याला काहीच कळलं नव्हतं, पण अंदाज आला होता. "सित्त, मी अडाणी माणूस. तुम्हीच सांगा. बिळातला हात हाच का?"

नाही म्हटलं तर म्हातारा. हो म्हटलं तर ही. दहामने झोपेत तोंड उघडून तिच्या छातीला टेकवलं आणि विजदानचा सदरा ओला झाला.

"खोटं सांगू नका," नौफा भिंतीकडे पाहतच म्हणाली. "त्याला अजून वीट फोडायला लावतील."

"हो," विजदान म्हणाली. "हाच हात."

शलाल पुढे झाला आणि त्याने पोर तिच्या हातातून काढून घेतलं. मान धरायचं त्याला सुचलं नाही. दहाम जागा होऊन किंचाळायला लागला. तो आवाज शिडीवरून वर गेला, काठावरून गेला, उतारावरून खाली जात राहिला.

शिपायाने बेड्या काढल्या. नौफाने दोन्ही हात पुढे केले, मग मागे घेतले. कुदळ अजून तिच्या हातात होती. ती चराच्या कोपऱ्यापर्यंत गेली, कुदळ भिंतीला टेकवून उभी केली, डोकं वर, आणि परत येऊन हात पुढे केले.